पावणीनं हात लावायचा न्हाय

फ्लेक्स लावायला आमच्या गावाला कारण लागत नाही. कुणाची म्हैस व्याली तरी चौकात फोटो चढतो आणि खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग लागते. तेव्हा पिराजी आबांच्या गुऱ्हाळात गोरी बाई राबायला लागल्यावर तिचा फ्लेक्स लागला नसता तरच नवल. लावला तो आबांच्या पुतण्यानं, विश्वजितनं. 'पोलंडच्या एवा वहिनी पिराजी आबांच्या गुऱ्हाळात कामावर रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' फोटोत एवा रस उकळायच्या मोठ्या काईलीजवळ उभी. डोक्याला टॉवेल, हातात लांब दांड्याचा झारा आणि चुलवाणाच्या धगीनं गाल लालबुंद.

आबा सकाळी डेअरीत दूध घालून परतताना फ्लेक्सखाली थांबले, मान वर करून सगळा वाचला आणि खूश होऊन घरी आले. "फोटो बेस आलाय," ते बायकोला, बाळाबाईंना म्हणाले. "माझा मातूर लई बारका टाकलाय त्या भाड्यानं."

बाळाबाईही जाऊन बघून आल्या. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. कामावर रुजू होणं ही आमच्यात अभिमानाची गोष्ट. पोरगं बँकेत शिपाई म्हणून लागलं तरी आम्ही पेढे वाटतो. हा फ्लेक्स एवाला विमानात बसवून परत धाडू शकतो, हे कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

एवा कोण, ते आधी सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडची परागंदा झालेली माणसं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली होती, हे आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. एवाची आजी लहानपणी त्या छावणीत वाढली. म्हातारपणी तिकडं बर्फात बसून ती उसाची आठवण काढायची म्हणे. आजी गेल्यावर एवा ते गाव बघायला आली आणि रस्ता चुकून आमच्या गावात शिरली. वाटेवर पहिलं गुऱ्हाळ लागतं ते पिराजी आबांचं. गुऱ्हाळावरनं माणूस कोरड्या तोंडानं जाऊ द्यायचा नाही ही आमच्याकडची रीत. तिला रस पाजला, हातावर गरम गूळ ठेवला आणि आबांच्या पोरानं, अमरसिंहनं, तिला मोटारसायकलवरनं वळिवड्याला नेऊन सोडलं. सोडलं म्हणायचं आपलं. दिवसभर तोही तिथंच फिरत होता.

पुढं वर्षभर दोघं फोनवर. या हंगामात ती पुन्हा आली ती लग्न ठरवूनच. व्हिसा मात्र पर्यटकाचा. लग्नाची नोटीस सरकारी कार्यालयात लागली होती. तिची मुदत भरली की सह्या करायच्या, एवढंच राहिलं होतं. तोवर ती बाळाबाईंच्या शेजारी झोपायची आणि अमरसिंह गुऱ्हाळावर, म्हणजे गावानं तोंड उघडायला नको. घरी परदेशी पाहुणी उतरल्याची पोलिसांतली नोंदही त्यानं आल्या आल्या केली होती. पोरगा तसा व्यवस्थित.

आता बाळाबाईंचं एक आहे. त्यांना बसलेलं माणूस बघवत नाही. तापानं फणफणलेल्यालाही त्या लसूण सोलायला देतात. एवाला सुरुवातीला खुर्ची दिली, तांब्याभांडं दिलं, पावणी म्हणून मिरवलं. मग लसूण आला. लसणामागून भाकरी आली. आणि एवालाही बसवत नव्हतं, हे खरं. एका सकाळी ती बाळाबाईंच्या मागोमाग गुऱ्हाळावर गेली आणि जळणासाठी वाळत घातलेली उसाची चिपाडं उलटायला लागली. कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि कुणी नको असंही म्हटलं नाही.

चिपाडांवरनं ती काईलीवर आली. गूळ करणारा गुळव्या होता विरूपाक्ष, सीमेकडचा माणूस. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलणारा, आणि काईलीपुढं कुणाची गय न करणारा. रस उकळायला लागला की वर काळी मळी येते, ती झाऱ्यानं अलगद ओढून काढायची. घाईनं ओढली तर मळी खाली बसते आणि गूळ काळा पडतो. पहिल्या दिवशी एवानं घाई केली.

"यव्वा, तंगी!" विरूपाक्ष ओरडला. धाकट्या बहिणीला तो तंगी म्हणतो, आणि चिडला की जास्तच म्हणतो. "दूध न्हाय ते साय वढायला! हळू!"

ती शिकली. तिच्या हातावरची सोनेरी लव धगीनं जळून गेली, तळव्याला फोड आले, फुटले आणि तिथं घट्टा पडला. संध्याकाळी तिची पाठ वाकत नसे, मग बाळाबाई तिला पालथी झोपवून तेल चोळायच्या आणि चोळता चोळता भाषा शिकवायच्या. आमच्याकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असं बोलतात, तसंच तीही बोलायला लागली.

बाजारच्या दिवशी आबा सगळ्यांची मजुरी चुकती करतात. बाजाराला जायच्या आत, कुणाला मागायला न लावता. या एका गोष्टीवर आबांचं गावातलं नाव उभं आहे. ऊस कमी-जास्त असेल, गूळ लाल-पिवळा निघेल, पण पिराजीनं कुणाचा घाम फुकट घेतला असं त्यांच्या वैऱ्यालाही म्हणता येत नाही. त्या दिवशी त्यांनी एवापुढंही हात केला. एवानं दोन्ही हात मागं नेले.

"आबा, मी घरची," ती म्हणाली. "घरात पैसा नगं."

"घ्यावं गं. राबलीयास."

"नगं."

आबांनी हात मागं घेतला खरा, पण दिवसभर त्यांना ते टोचत राहिलं. दुसऱ्या बाजारालाही तेच झालं. पैसे नाहीत, गुळाची ढेप नाही, लुगडं नाही. एवानं काहीही घेतलं नाही आणि काम काही सोडलं नाही.

ओढ्याच्या पलीकडं आबांचा चुलतभाऊ बाळासो याचं गुऱ्हाळ. वाटणीपासून दोघांत बोलणं नाही. फ्लेक्स लागल्यापासून कोल्हापूरची माणसं गाड्या घेऊन आबांकडं थांबायला लागली. गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा, रस प्यायचा, जाताना गूळ न्यायचा. बाळासोच्या दारावरनं गाड्या धूळ उडवत जायच्या आणि तो चिपाडाच्या ढिगावर उभा राहून बघायचा. चार दिवस त्यानं बघितलं. पाचव्या दिवशी फ्लेक्सचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन तो कोल्हापुरात बावड्याला पोलीस कार्यालयात गेला आणि अर्ज देऊन आला.

मग एक हवालदार आला. रीतीप्रमाणं आधी रस प्याला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "आबा, मॅडमनी बोलावलंय. घरातली चौघं या. बाईंचा पासपोर्ट घेऊन या."

"काय भानगड?"

"कामाचीच भानगड हाय की. व्हिसा फिरायचा, आनि बाई हिकडं झारा मारायलीया."

संयोगिता मॅडम फौजदार होत्या. मूळच्या शाहूवाडीकडच्या, भाताच्या शेतीतल्या घरातल्या. त्यांनी चौघांना बसवलं, पासपोर्ट बघितला, नोंद बघितली. त्यात खोट नव्हती. मग त्यांनी मोबाईलमधला फ्लेक्स समोर धरला.

"हे काय आहे?"

"माझ्या चुलतभावाचा खुळेपणा, मॅडम," अमरसिंह म्हणाला. "घरात हातभार लावती ती. दुसरं काय न्हाय."

"घरात आणि गुऱ्हाळात फरक आहे." मॅडम शांतपणे बोलत होत्या. "हे बघा, पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसानं हिंडावं, नातलगांकडं राहावं. भाकरी थापली, भांडी घासली, तर आमचं काही म्हणणं नाही. पण मोबदला घेऊन काम करायचं नाही. मोबदला म्हणजे नुसते पैसे नव्हेत. गूळ, धान्य, कापड, कामाच्या बदल्यात काहीही दिलं की झाला मोबदला. तसं निघालं तर यांना देश सोडून जायला सांगतील. पुन्हा व्हिसा मिळणं अवघड. मग तुमच्या लग्नाच्या नोटिशीचं काय होईल, ते तुम्हीच ओळखा."

एवाला सगळं कळलं नाही, पण 'देश सोडून' एवढं कळलं. तिनं अमरसिंहकडं बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"तर आता सरळ सांगा," मॅडम म्हणाल्या. "यांना मजुरी देता का?"

अमरसिंह तोंड उघडणार तोच बाळाबाई पदर सावरून पुढं सरकल्या. पोलीस कार्यालयात, टेबलाच्या पलीकडं बसलेल्या शिकलेल्या बाईनं, ही माणसं पोरीला फुकट राबवतात असं समजावं, हे त्यांच्यानं सोसवेना.

"देतो म्हंजी? देतोच की! आमच्या गुऱ्हाळात आजवर कुणी फुकट राबल्यालं न्हाय, मॅडम. कुणालाबी इचारा. आमी काय तसली माणसं हाय काय?"

अमरसिंहनं कपाळाला हात लावला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आई, काय बोलालाईस तू!" अमरसिंह म्हणाला. "मॅडम, हिला एक रुपाया दिल्याला न्हाय."

"मला काय दिलं न्हाय," एवाही म्हणाली. "मी घेत न्हाय."

"एक म्हणते दिले, एक म्हणते नाही. गुऱ्हाळ कुणाचं?"

"माझं," आबा म्हणाले.

"मग तुम्ही सांगा, आबा."

आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. दिले म्हणावं तर पोर जाते. नाही म्हणावं तर ते त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात गावातलीच दोन माणसं कसल्याशा दाखल्यासाठी उभी होती आणि कान देऊन ऐकत होती.

मॅडमनी पासपोर्ट एवापुढं सरकवला. "ठीक आहे. मी गुऱ्हाळावर येऊन चौकशी करते. तिथल्या माणसांनाही विचारीन. तोपर्यंत यांनी गुऱ्हाळात कशालाही हात लावायचा नाही. कशालाही, कळलं?"

संध्याकाळी जेवणं झाल्यावर अमरसिंहनं विषय काढला.

"आबा, खोटं बोलायला कोण सांगतंय? खरं हाय तेच सांगायचं. तिला काय दिलं न्हाय, बास."

"खरं हाय म्हणून तर जड जातंय," आबा म्हणाले. "माझ्या गुऱ्हाळात, माझ्या माणसांपुढं, मी म्हणायचं की पोरीला फुकट राबवली? उद्या जाळावरची तानाबाई माझ्या तोंडाकडं बघंल का? बाळासो तर गावभर पिटंल. आरं, ह्या गावात माझं एवढं एकच नाव हाय."

"आनि एवा गेली तर?"

बाळाबाई चुलीपाशी मुसमुसत होत्या. आपल्या तोंडानं घात केला हे त्यांना वाटेतच कळून चुकलं होतं.

एवा उठून आबांच्या पुढ्यात बसली. "आबा, मी इथं ऱ्हातो. मला जायाचं न्हाय," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. एवढे फोड आले तेव्हाही ती रडली नव्हती. आबांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. आपल्याला अजून तो हक्क नाही, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून एवा गुऱ्हाळावर बाजेवर बसायला लागली. घरी बस म्हटलं तर ऐकेना. बाळाबाईंनी आता उलटं टोक गाठलं. मॅडमनी घरकामाला हरकत नाही म्हटलं होतं, तरी त्यांनी भाकरी बंद केली, लसूण बंद केला, स्वतःचं ताट उचलायला गेली तरी हातातनं काढून घ्यायच्या. "नगं बाई. कोण कुठनं फोटू काढंल, नेम न्हाय." आणि खरोखरच ओढ्यापलीकडनं कुणी ना कुणी मोबाईल धरून उभं असायचंच. गाड्यांतून आलेली माणसं विचारायची, आज मॅडम काम करत नाहीत? मग आबा कसनुसं हसून म्हणायचे, पावणी हाय ओ ती.

एका माणसाचं काम किती असतं, ते माणूस बसल्यावर कळलं. ऐन हंगामात दुसरा हात मिळायची बोंब. झारा बाळाबाईंनी घेतला, पण दुखऱ्या गुडघ्यानं त्यांना काईलीपाशी उभं राहवेना. मळी राहायला लागली. दोन आदणं, म्हणजे दोन काईली गूळ, काळपट निघाली आणि विरूपाक्षानं दिवसभर कुणाशी बोलणं टाकलं. बाजेवर बसून एवाला सगळं दिसत होतं. तिचे हात मांडीवर नुसते उघडमीट करत असायचे. तळव्यावरचे घट्टे सोलून निघायला लागले होते.

मॅडम आल्या त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि थंड वारा सुटला होता. पोलीस जबाब घेणार म्हटल्यावर दोन गडी सकाळी कामावरच आले नाहीत. उरले विरूपाक्ष, अमरसिंह, आबा, जाळ घालणारी तानाबाई आणि बाळाबाई. तरी आबांनी आदण लावलं होतं. पाऊस आला तर जळणाची चिपाडं भिजतील, गुऱ्हाळ बंद पडेल आणि तोडलेला ऊस पडून वाळेल म्हणून.

जीप थांबली तेव्हा काईलीतला रस पाक व्हायला आला होता. जीपच्या मागोमाग ओढा ओलांडून बाळासोही आला. अर्जदार म्हणून त्याला हजर राहायचं होतं. वाटणीनंतर पहिल्यांदाच तो या गुऱ्हाळावर पाऊल ठेवत होता. छपराच्या मेढीला टेकून तो उभा राहिला, मोबाईल छातीशी धरून. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

मॅडमनी आधी तानाबाईला विचारलं. "या बाई काम करायच्या?"

"करायची की."

"पैसे घ्यायची?"

"म्या न्हाय बघिटलं. आमाला देताना आबा तिलाबी द्यायचं, ती घ्यायची न्हाय. खुळी हाय ती."

विरूपाक्षानं काईलीवरची नजर न काढता सांगितलं, "घेतली न्हाय. मी देवाशपथ सांगतो. आता मला बोलवू नका, पाक आलाय."

मॅडम आबांकडं वळल्या. "आबा, तुम्ही मालक. तुमचा जबाब महत्त्वाचा. यांच्याकडून काम करून घेतलंत, त्याबद्दल काय दिलंत?"

तानाबाई बघत होती. बाळासो बघत होता, आणि त्याच्या ओठांच्या कडेला हसू होतं. पिराजीच्या तोंडून ते ऐकायला तो ओढा ओलांडून आला होता.

"आबा?"

"मी... तिला..." आबा म्हणाले आणि थांबले.

तेवढ्यात विरूपाक्ष ओरडला, "काईल आली! धरा!"

पाक झाला की काईल क्षणभरही जाळावर ठेवून चालत नाही. चार बाजूंच्या चार कड्या चौघांनी धरायच्या, एका दमात काईल उचलायची आणि शेजारच्या वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, पाक ओतायचा. विरूपाक्षानं एक कडी धरली. अमरसिंह धावला. आबा जबाब टाकून धावले. चौथ्या कडीला बाळाबाईंनी हात घातला. "हं!" झालं, तीन बाजू उठल्या आणि चौथी उठेना. बाळाबाईंचा गुडघा मुडपला. काईल तिरकी झाली, उकळता पाक कडेला आला.

"ठेवा! खाली ठेवा!" विरूपाक्ष किंचाळला. काईल पुन्हा चुलवाणावर बसली. तानाबाई जाळ मागं ओढायला लागली, पण निखाऱ्यांची धग काही ओढून काढता येत नाही. पाकाचा रंग बदलायला लागला.

एवा बाजेवरनं उठली होती. कधी उठली तिलाही कळलं नसेल. टॉवेल हाताला गुंडाळून ती चौथ्या कडीशी पोचली.

"बस खाली!" आबा ओरडले. असा आवाज त्यांनी जन्मात कुणा बाईवर चढवला नसेल. "हात लावायचा न्हाय! मागं सर!"

"आबा, जळतंय!"

"जळू दे! आदण जाऊ दे माझं! तू हात लावायचा न्हाईस!"

एवा जागच्या जागी थिजली. पाकाला करपट वास सुटायला लागला. हवालदार पुढं झाला, पण कडी कुठं धरायची ते त्याला समजेना.

आता आमच्या भागातली एक गोष्ट आहे. कोर्टात दावा चालू असो, बांधावरनं डोकी फुटलेली असोत, 'काईल आली' अशी हाक ऐकली आणि चौथा हात कमी दिसला, तर जवळ असलेल्या माणसानं कडी धरायची. ही हाक लहानपणापासून इतकी कानात बसलेली असते, की त्यावर विचार करायला सवड नसते. बाळासोचा मोबाईल चिपाडात पडला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढला, बाळाबाईंना कोपरानं बाजूला सारलं आणि कडी पकडली.

"पिराजी, उचल!" तो गुरगुरला. "बघतोस काय?"

"हं!"

काईल उठली. चौघं पावलं जुळवत वाफ्याशी गेले, काईल कलली आणि तांबूस सोनेरी पाक धो धो वाफ्यात पडला. वाफेनं सगळे दिसेनासे झाले. विरूपाक्षानं फावडं घालून पाक ओढला, बोटावर घेतला, जिभेला लावला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"वाचला," तो म्हणाला. "थोडा लाल हुईल. पण वाचला."

बाळासो धापा टाकत उभा होता. टॉवेल निसटून त्याचा तळवा कडीला भाजला होता, तो फुंकर घालत होता. आपण काय करून बसलो ते त्याला आत्ता उमगत होतं. अर्जदार म्हणून आलेला माणूस वैऱ्याच्या वाफ्याशी उभा होता, आणि त्याच्या सदऱ्यावर त्या गुळाचे शिंतोडे होते.

आबा त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. त्यांनी टोपी सारखी केली आणि ते मॅडमकडं गेले.

"मॅडम, लिवा," ते खणखणीत आवाजात म्हणाले. सगळ्या गुऱ्हाळाला ऐकू जाईल असं. "एवानं हितं काम केलं. लई केलं. तिला मी काय दिलं न्हाय. पैसा न्हाय, गूळ न्हाय, चिंधी न्हाय. मला ते सांगायची लाज वाटत हुती. आता न्हाय वाटत." त्यांनी बाळासोकडं बोट केलं. "ह्यो माझा चुलतभाऊ. आत्ता तुमच्यादेखत ह्यानं माझं आदण वाचवलं. ह्यालाबी मी काय दिलं न्हाय. दिलं तर माझ्या तोंडावर मारून जाईल. तसंच हाय बघा तिचं."

तानाबाई फसकन हसली. बाळासोनं मान फिरवली, पण नाही असं तो म्हणाला नाही.

मॅडम लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी बाळासोला विचारलं, "तुम्हाला आणखी काही म्हणायचंय? मजुरी घेताना कुणी बघितलं असेल तर सांगा."

बाळासोनं तळव्यावर पुन्हा फुंकर घातली. "मी न्हाय बघिटलं," तो म्हणाला. "कुणी बघिटलंय असंबी ऐकलं न्हाय."

"मग ठीक." मॅडमनी आबांची सही घेतली. "मोबदला घेतलेला नाही, असा जबाब आहे आणि इथली माणसंही तेच सांगतात. मी तसा अहवाल देते आणि तुम्हाला समज देते. लग्नाची नोंद होऊ दे. पुढचा व्हिसा कसा मागायचा ते आमच्या ऑफिसात येऊन विचारा, त्याचा अर्ज वेगळा असतो. तो हातात पडेपर्यंत या बाई इथं पाहुण्या. काईल जळाली तरी पाहुण्या. आणि आबा, तो फ्लेक्स आजच उतरवा."

"आत्ता उतरीवतो," अमरसिंह म्हणाला आणि खरंच निघाला.

आबा एवाकडं आले. "वरडलो तुज्यावर," ते म्हणाले, आणि आता मात्र त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवा हसली आणि डोळे पुसायला लागली. बाळाबाई तर उघड उघड रडत होत्या आणि रडता रडता गुडघा चोळत होत्या.

बाळासो चिपाडातला मोबाईल शोधून निघाला होता. ओढ्याकडं चार पावलं गेला आणि थांबला. भाजलेला हात त्यानं वर धरला होता. कुणाकडं न बघता तो म्हणाला, "पाणी मिळंल का जरा? हातावर वतायला."

रांजण बाजेच्या शेजारीच होता. एवा चटकन उठली आणि तांब्याला हात घालणार, तोच बाळासो गर्रकन वळला.

"ए, तू बस! तू उठू नगंस!" तो घाबरून ओरडला. "ती मॅडम हितंच हाय अजून!"

मॅडम जीपमध्ये एक पाय ठेवून उभ्या होत्या. त्या हसल्या. "द्या हो, पाणी द्या," त्या म्हणाल्या. "पाणी द्यायला व्हिसा लागत नाही."

एवानं तांब्या भरला. बाळासोनं भाजलेला तळवा पुढं केला आणि ती हळूहळू पाणी ओतत राहिली.